सनमायक्याच्या पेटीतला मुस्तफा

डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्यासारख्या गावात जुना व्हिडिओ गेम सापडलाच, तर तो गेमच्या रूपात सापडण्याची शक्यता कमी. दुकानाच्या मागच्या खोलीत, कौलं गळणार नाहीत अशा कोपऱ्यात ती पेटी उभी असेल. डोक्यावर चवथीच्या माटोळीचं सामान, आत रंगाचे रिकामे डबे, मागचा दरवाजा केव्हाच निखळलेला. पण पुढची कललेली काच, खालचे दोन दांडे आणि रंगीत बटणांची रांग दिसली, की आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या माणसाला ओळख पटायला वेळ लागणार नाही. खरी अडचण पुढेच आहे. ही पेटी नेमकी कुठली, कुणी केलेली आणि तिच्यातला गेम कोणता, हे ठरल्याशिवाय तिला हात लावू नये. दुरुस्तीत जेवढी यंत्रं वाचतात, तेवढीच घाईच्या दुरुस्तीत मरतात.

गोव्यात पहिला प्रश्न थोडा वेगळा विचारावा लागतो: हा खेळ आहे की जुगार? १९७६ च्या इथल्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक जुगाराची यंत्रं ठेवण्याची वाट मोकळी झाली. त्यामुळे नाणं खाणारी प्रत्येक जुनी पेटी काही व्हिडिओ गेम नसते. पेटीच्या पायथ्याशी नाणी परत पडण्याची पन्हाळी असेल आणि आत नाणी मोजून बाहेर टाकणारं भांडं असेल, तर ते जुगाराचं यंत्र. त्याची दुरुस्ती हौसेच्या नव्हे, परवान्याच्या प्रांतातली. व्हिडिओ गेम कुणाला काही परत देत नाही. दिलेल्या पैशात तो फक्त तीन जीव देतो. हा फरक पालकांना आणि पोलिसांना नेहमी पटला असं मात्र नाही. कर्नाटकातल्या व्हिडिओ गेम पार्लरांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९५ मध्ये न्यायालयाने त्यांच्यावरची परवान्याची सक्ती उचलून धरली. गेमच्या दुकानात जाणारा मुलगा बिघडला, हे घरोघरी ठरलेलं होतं. त्याला अशी पार्श्वभूमीही होती.

जुगार नाही हे ठरलं, की पेटीभोवती एक फेरी मारायची. परदेशातले जाणकार आधी मागे जातात, कारण कारखान्याची पट्टी तिथे असते: कंपनीचं नाव, अनुक्रमांक, किती व्होल्टवर चालतं ते. मग कपाळावरची उजळणारी पाटी, बाजूंची चित्रं, नाण्याचं दार. १९८० च्या ‘पॅक-मॅन’ची अमेरिकेतली पिवळी पेटी मिडवे कंपनीची; निन्तेन्दोचा १९८१ चा ‘डाँकी काँग’ साधारणपणे निळा. पण ‘डाँकी काँग’च्या काही पेट्या लाल आहेत. त्या मुळात ‘रडार स्कोप’ नावाच्या गेमच्या होत्या. निन्तेन्दोच्या अमेरिकी शाखेने त्या गेमच्या तीन हजार पेट्या मागवल्या आणि सुमारे दोन हजार पडून राहिल्या. तेव्हा जपानहून नवा गेम आला आणि त्याच पेट्यांत बसवला गेला. आज त्याच लाल पेट्यांना संग्राहक जास्त मोल देतात! म्हणजे एकाची पेटी आणि दुसऱ्याचा गेम हा या धंद्याचा अपवाद नव्हे, स्वभावच आहे.

त्या स्वभावाला १९८५ मध्ये नियमाचं रूप मिळालं. जपानमधल्या यंत्र-उत्पादकांच्या संघटनेने ‘जामा’ नावाची एक जोडणी ठरवून दिली. गेमच्या पाटीच्या, म्हणजे चिपा बसवलेल्या सर्किट बोर्डाच्या, काठावर एकूण ५६ जागा, दोन्ही बाजूंना २८-२८, आणि प्रत्येक जागेचं काम ठरलेलं: ही विजेची, ही आवाजाची, ही लाल रंगाची, ही डावीकडच्या खेळाडूच्या पहिल्या बटणाची. यानंतर जुनी पाटी उपसून नवी खुपसली की पेटीत नवा गेम. पेटी कुणीही करावी, फक्त आतली तारांची जोडणी जामाची हवी.

‘कुणीही’ म्हणजे गावचा सुतार, आपला मेस्तसुद्धा. आपल्याकडच्या पार्लरांत जपानी किंवा अमेरिकी कारखान्यातून थेट आलेली पेटी विरळा. बहुतेक पेट्या इथेच ठोकलेल्या. प्लायची चौकट, वर सनमायका, आत टीव्हीची पिक्चर ट्यूब आणि कुठून कुठून फिरत आलेली पाटी. त्या ओळखायच्या खुणा साध्या आहेत. कारखान्याच्या पेटीत कडेची प्लॅस्टिकची पट्टी बसवण्यासाठी प्लायच्या जाडीत मधोमध बारीक खाच मारलेली असते; मेस्त ती खाच मारत बसत नाही, लाकडी पट्टी ठोकतो किंवा ॲल्युमिनियमचा कोन लावतो. बाजूला छापील चित्र नसतं, असलाच तर पेंटरने हाताने काढलेला राक्षस असतो. आणि मागे कारखान्याची पट्टी नसते.

नाण्याच्या दाराची गोष्ट मला सगळ्यांत गमतीची वाटते. परदेशी यंत्रातली नाणं पारखणारी खाच निव्वळ यांत्रिक असे: नाण्याचा व्यास, वजन, घरंगळण्याचा वेग आणि एक लोहचुंबक. चुंबकाचं काम लोखंडी चकती टाकणाऱ्या लबाडाला अडवणं. अमेरिकेचं पाव डॉलरचं किंवा जपानचं शंभर येनचं नाणं चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ते सुखाने खाली उतरतं. आपला १९८० च्या दशकातला तांबं-निकेलचा रुपयाही चिकटत नसे. मात्र १९९२ पासून रुपया स्टेनलेस स्टीलचा झाला आणि तो चुंबकाला चिकटतो. म्हणजे अशा खाचेच्या लेखी भारत सरकारचं खरं नाणं खोटं ठरलं! सापडलेल्या पेटीच्या खाचेतला चुंबक काढून टाकलेला असेल, किंवा खाच बुजवून आत नुसतं एक बटण लावलेलं असेल, तर त्याला मोडतोड समजू नका. तो पेटीच्या इथल्या आयुष्याचा दाखला आहे. मालक गल्ल्यावर पैसे घेई आणि बटण दाबून खेळ चालू करून देई.

आता आतली पाटी. पेटीच्या कपाळावर काय लिहिलंय यावरून गेम ठरवू नये. पाटीवर ज्यांत गेम साठवलेला असतो त्या चिपांच्या पाठीवर छोटी काचेची खिडकी असते आणि तिच्यावर कागद चिकटवलेला असतो. तो कागद सोलू नका. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश गेला की आतली माहिती पुसते. उन्हात उघडी राहिली तरी हळूहळू पुसते. अस्सल पाटीवर कंपनीचं नाव आणि छापील लेबल असतं. चोरट्या नकलेवर पेनाने लिहिलेले आकडे, आणि कधी कधी मुख्य चिपांवरची नावं मुद्दाम घासून काढलेली. खात्री करायची तर एकेक चिप जपून उपसायची, प्रोग्रॅमर यंत्रात वाचायची आणि निघालेल्या मजकुराची बेरीज-खूण ‘मेम’च्या यादीशी ताडून पाहायची. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने १९९७ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. लोकांना तो जुने गेम संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर म्हणून ठाऊक आहे. पण यंत्र दुरुस्त करणाऱ्याला तो जातिवंत आणि नकली पाट्यांची वंशावळ म्हणून उपयोगी पडतो. एखाद्या चिपेतलं एक अक्षर जरी मेलं असलं, तरी तिथे कळतं.

आपल्या भागात ही वंशावळ बऱ्याचदा कॅपकॉमच्या १९९३ च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’कडे घेऊन जाईल. मार्क शुल्ट्झच्या कॉमिकवरून केलेला हा मारामारीचा गेम. त्यात निवडायला चार पात्रं, पैकी नायक जॅक टेनरेक. भारतातल्या पोरांनी जॅकला नायकपद दिलंच नाही. पिवळ्या टोपीचा, धावत येऊन लाथ मारणारा मुस्तफा त्यांना आवडला आणि अख्ख्या गेमचं नाव ‘मुस्तफा’ पडलं. जपानी कंपनीने अमेरिकी कॉमिकवरून केलेला गेम भारतात तिसऱ्याच नावाने चालला. पेटीच्या कपाळावर कुणी हाताने ‘मुस्तफा’ लिहिलं असेल, तर ती अक्षरं मी तरी पुसू देणार नाही.

पाटी ओळखणं किती गरजेचं, हे बॅटरीवरून समजतं. त्या काळच्या पुष्कळ पाट्यांवर एक छोटी बॅटरी असते. एसएनकेच्या ‘निओ जिओ’ पाटीवरची बॅटरी वर्षांनुवर्षं पडून राहिली की फुटते. तिच्यातला क्षार तांब्याच्या रेषा खात जातो. ती दिसताक्षणी काढायची, जागा सौम्य व्हिनेगरने पुसायची, मग स्पिरिटने. पण कॅपकॉमच्या ‘सीपीएस-२’ पाटीवरची बॅटरी तशी काढली, तर गेम तिथेच संपला. कारण गेमचा मजकूर सांकेतिक आहे आणि तो उलगडायची चावी त्या बॅटरीच्या जोरावर स्मृतीत टिकून असते. बॅटरी मेली की चावी गेली. २०१६ मध्ये ही चावी पुन्हा भरण्याची रीत शोधली गेली, म्हणून आज त्या पाट्यांना आशा आहे. म्हणजे एका पाटीची बॅटरी न काढणं हा गुन्हा, दुसरीची काढणं हा. पाटी न ओळखता स्क्रूड्रायव्हर हातात घेणाऱ्याला हे कोण सांगणार?

आता सुर्ल्याचं हवामान. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल आणि कपड्यांना बुरशी असते, तिथे लाकूड आणि तांबं दोन्ही सोसतात. पेटीचा तळ जमिनीला टेकलेला. त्यामुळे पहिल्या सहा इंचांत वाळवी असणार, हे धरूनच चालायचं. भुशाच्या पाट्याची पेटी असेल तर तळ फुगून बिस्किटासारखा सुटतो. त्यात हा खाणपट्टा. सुर्ला, आमोणे, साखळी या भागाने खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ किती खाल्ली हे वेगळं सांगायला नको. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा कुठे झाडांची पानं हिरवी दिसली. पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्टचा दाब असतो आणि तो हवेतली धूळ ओढून घेतो. त्या धुळीला ओल लागली की ट्यूबच्या रबरी टोपीपासून ठिणग्या उडतात. म्हणून ब्रश आणि ब्लोअर आधी, वीज नंतर.

वीज तर फारच नंतर. पेटी सापडल्याच्या आनंदात प्लग लावून पाहणं ही सर्वांत महाग हौस. वीज पुरवणारा डबा आधी पाटीपासून सोडवायचा, त्यावर भार टाकून मीटरने पाच आणि बारा व्होल्ट मोजायचे. पाचच्या जागी सात निघाले तर पाटी सेकंदात जळेल. पेटीचं यंत्र शंभर किंवा एकशे दहा व्होल्टचं आहे का हेही बघायचं. आपल्या २३० वर ते धूर काढील. अनेक मॉनिटरांची चासी थेट मेन लाइनशी जोडलेली असते, त्यांना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच. आणि बंद पेटीतल्या पिक्चर ट्यूबमध्येही भार साठून राहू शकतो. ज्याला तो उतरवता येत नाही त्याने तिच्या मागे हात घालू नये. इथे धाडसाचं कौतुक नाही.

हे काम कुणाचं? माझं उत्तर: जुन्या टीव्ही मेकॅनिकचं. आर्केडचा मॉनिटर सेकंदाला साधारण पंधरा हजारांवर आडव्या रेषा ओढतो. आपला जुना रंगीत टीव्ही १५,६२५ ओढायचा. दोन्हींत फार अंतर नाही. कंडेन्सर सुकलेत का, ई.एच.टी. ट्रान्सफॉर्मर गेलाय का, ड्राय सोल्डर कुठे आहे, चित्र उभ्याने का आखडलंय, हे ज्याने आयुष्यभर टीव्हीत पाहिलं त्याला इथे नवं शिकावं लागत नाही. काचेवर जुन्या खेळाची भुतासारखी आकृती जळून उमटली असेल तर मात्र ती जात नाही. ‘पॅक-मॅन’च्या पेट्यांत अख्खा चक्रव्यूह असा उमटलेला सापडतो. ट्यूब बदलायला दुसरी मिळणं अवघड होत चाललंय आणि एलसीडी बसवणं सोपं आहे. पण एलसीडीवर चित्र चौकोनी ठोकळ्यांचं होतं. चित्रकाराने ट्यूबच्या मऊ रेषा गृहीत धरून रंग भरले होते, ते सगळं तिथे वाया जातं. ट्यूब जिवंत असेल तर तीच ठेवावी.

ट्यूबच काय, यंत्राची कुठलीही मर्यादा खेळ घडवते, याचं सुंदर उदाहरण १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये आहे. तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादोने पडद्यावर ५५ परग्रहवासी उभे केले आणि प्रोसेसरला ते सगळे हलवणं जड गेलं. एकेक मरत गेला तसा बोजा कमी झाला आणि उरलेले भराभर धावू लागले. निशिकादोने हा दोष सुधारला नाही, ठेवून दिला. शेवटच्या परग्रहवाशाच्या वेळी छाती धडधडते, तिचं मूळ त्या थकलेल्या चिपेत आहे.

मग लाकूडकाम. परदेशी हौशी लोक अशी पेटी मिळाली की बाजूंना कारखान्याची चित्रं नव्याने छापून लावतात, कडांना चकचकीत पट्टी, नवं नाण्याचं दार. कारखान्याच्या पेटीला ते शोभतं. मेस्ताच्या पेटीला ते लावणं म्हणजे तिची जन्मनोंद खोडणं, असं माझं स्पष्ट मत आहे. वाळवीने खाल्लेला तळ तेवढा कापून काढावा, १९ मिलिमीटरचं मरीन प्लाय सांध्याने जोडावं, खाली रबराचे पाय लावून पेटी जमिनीपासून उचलावी. सनमायका जिथे सुटलाय तिथे पुन्हा चिकटवावा. बटणांभोवती सिगारेटचे डाग आणि कंपासने कोरलेली नावं राहू द्यावीत. बटणं झिजली असतील तर खालचे मायक्रोस्विच बदलावेत, वरचा प्लॅस्टिकचा भाग जुनाच ठेवावा. चोरटी पाटी असेल तर तीही. तिच्या जागी अस्सल आणून बसवली, तर इथल्या पोरांनी जो गेम खेळला तो राहत नाही. कॅपकॉमच्या अस्सल पेट्या जगात इतरत्र जपल्या जातायत. अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या ब्रुकफील्डच्या ‘गॅलपिंग घोस्ट’ आर्केडमध्ये तर शेकडो यंत्रं चालू ठेवलीत. इथल्या मेस्ताची पेटी जपायला मात्र दुसरं कुणी येणार नाही.

बाणावलीच्या ‘गोवा चित्र’ संग्रहालयात व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी नांगरापासून घाण्यापर्यंत गावच्या वापरातली अवजारं गोळा केली, तेव्हा तीही अनेकांच्या लेखी जळणच होती. डिचोली, साखळी, पेडण्यात कुणाच्या माळ्यावर किंवा जुन्या दुकानात अशी पेटी असेल तर एवढं करा: प्लग लावू नका, मागून-पुढून आणि पाटीचे फोटो काढा, ती कुणाच्या दुकानात उभी होती आणि खेळायला किती पैसे पडत हे म्हाताऱ्या मालकाला विचारून लिहून ठेवा. आणि भंगारवाल्याला बोलावण्याआधी तालुक्यातल्या टीव्ही मेकॅनिकला बोलवा. भंगारवाला ट्यूबच्या मानेवरच्या तांब्याच्या वेटोळ्यासाठी अख्खी ट्यूब फोडतो.