विश्लेषण : मैदान सुटले, माइक हाती आला! ऑस्ट्रेलियाचे निवृत्त खेळाडू वक्ते आणि टीव्हीचे चेहरे कसे होतात?

१६ फेब्रुवारी २००२. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची एक हजार मीटरची अंतिम शर्यत सुरू होती. पाच स्पर्धकांमध्ये ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी सर्वांत मागे होता. शेवटच्या वळणावर पुढचे चौघे एकमेकांवर आदळून कोसळले. मागून येणाऱ्या ब्रॅडबरीने उभ्याउभ्याच अंतिम रेषा ओलांडली. दक्षिण गोलार्धातील कोणत्याही देशाचे हिवाळी ऑलिम्पिकमधील ते पहिले सुवर्णपदक ठरले. शर्यत संपली दीड मिनिटात, पण त्या दीड मिनिटाची गोष्ट ब्रॅडबरी गेली दोन दशके कंपन्यांच्या परिषदांमध्ये, शाळांमध्ये आणि क्लबांच्या कार्यक्रमांत सांगत आहे. तो ऑस्ट्रेलियातील सर्वाधिक परिचित प्रेरणादायी वक्त्यांपैकी एक मानला जातो. मात्र तो एकटा नाही. पदक किंवा शेवटचा सामना झाला की व्यासपीठ, रेडिओचा स्टुडिओ किंवा समालोचन कक्ष, हा तेथील खेळाडूंचा जणू ठरलेला मार्ग आहे. हा मार्ग कसा तयार झाला आणि त्याच्या कडेला कोण राहून जाते, याचा हा आढावा.

ब्रॅडबरीची गोष्ट इतकी का चालते?

वरवर पाहता ही निव्वळ नशिबाची गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियन इंग्रजीत तर अनपेक्षितपणे पदरात पडलेल्या यशाला ‘ब्रॅडबरी करणे’ असे म्हणण्याचा प्रघातच पडला. पण मंचावर ब्रॅडबरी जे सांगतो, ते शर्यतीच्या आधीचे आहे. १९९४ मध्ये एका शर्यतीत दुसऱ्या स्केटरच्या पात्याने त्याची मांडी चिरली गेली. १११ टाके पडले आणि शरीरातील बरेचसे रक्त वाहून गेले. २००० मध्ये सरावादरम्यान मानेचे मणके मोडले. पुन्हा स्केटिंग करता येणार नाही, असे डॉक्टरांचे मत होते. सॉल्ट लेक सिटीचे ऑलिम्पिक ही त्याची चौथी स्पर्धा होती. बाकीचे चौघे आपल्यापेक्षा वेगवान आहेत, हे त्याला आणि त्याच्या प्रशिक्षकांना ठाऊक होते. ते पदकासाठी एकमेकांना भिडणार, त्यात कोणी ना कोणी पडणार, तेव्हा मागे राहून उभे राहायचे, हे डावपेच आधीच ठरले होते. सुवर्णपदक आपण त्या दीड मिनिटासाठी नव्हे, तर आधीच्या दहा-बारा वर्षांच्या कष्टांसाठी स्वीकारले, असे तो सांगत आला आहे.

कंपन्यांना नेमके हेच हवे असते. ज्याच्याकडे नैसर्गिक वेग सर्वांत जास्त, त्याची गोष्ट विक्री विभागातील कर्मचाऱ्याला आपली वाटत नाही. टिकून राहिलेल्याची वाटते.

या परंपरेची सुरुवात कोठून झाली?

समालोचन कक्षाची वाट पाडली ती रिची बेनॉ यांनी. ऑस्ट्रेलियाचा हा कर्णधार क्रिकेट खेळत असतानाच सिडनीच्या वृत्तपत्रात गुन्हेवार्ता लिहीत असे. १९५६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर संघ पांगला, पण बेनॉ मागे थांबले आणि बीबीसीत दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण घेतले. योगायोग असा, की ऑस्ट्रेलियात दूरचित्रवाणी सुरू झाली ती त्याच वर्षी. मेलबर्न ऑलिम्पिकही १९५६ चेच. खेळ आणि टीव्ही तेथे बरोबरीनेच घराघरांत पोहोचले.

१९६४ मध्ये बेनॉ निवृत्त झाले. १९७७ मध्ये केरी पॅकर यांनी क्रिकेट मंडळाशी उघड संघर्ष करून ‘वर्ल्ड सीरिज क्रिकेट’ सुरू केले, तेव्हा त्यांच्या चॅनल नाइनचा आवाज बेनॉ झाले. पडद्यावर जे दिसते आहे त्यात भर घालता येत नसेल तर गप्प राहावे, हा त्यांचा दंडक होता. त्यांच्यासोबत बिल लॉरी, इयन चॅपल आणि इंग्लंडचे माजी कर्णधार टोनी ग्रेग यांचा संच जमला. नव्वदच्या दशकात पहाटे पाचला उठून सिडनीचा कसोटी सामना पाहणाऱ्या महाराष्ट्रातील प्रेक्षकांनाही हे आवाज पाठ होते. खेळाडू म्हणून मिळवलेल्या नावापेक्षा समालोचक म्हणून मिळवलेले नाव अधिक काळ टिकू शकते, हे बेनॉ यांनी दाखवून दिले.

ऑस्ट्रेलियातच हे प्रमाण एवढे का?

पहिले कारण प्रसारण हक्कांचे. देशाची लोकसंख्या जेमतेम पावणेतीन कोटी, म्हणजे महाराष्ट्राच्या एक चतुर्थांशाहून कमी. पण ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सर्वोच्च लीगचे २०२५ ते २०३१ या सात वर्षांचे हक्क साडेचार अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरला विकले गेले. क्रिकेटचे त्याच धर्तीचे सात वर्षांचे हक्क सुमारे दीड अब्ज डॉलरचे आहेत. एवढा पैसा मोजल्यावर वाहिन्या केवळ सामना दाखवून थांबत नाहीत. सामन्यापूर्वीची चर्चा, नंतरची चर्चा, आठवडाभर चालणारे कार्यक्रम, अशी सगळी वेळ भरावी लागते आणि त्यासाठी माणसे लागतात. ती माजी खेळाडूंमधून येतात.

दुसरे कारण कायद्याचे. मोठ्या स्पर्धा केवळ सशुल्क वाहिन्यांच्या ताब्यात जाऊ नयेत, यासाठी १९९२ च्या प्रसारण कायद्यात विशेष यादीची तरतूद आहे. त्यामुळे महत्त्वाचे सामने मोफत वाहिन्यांवर दिसत राहिले आणि खेळाडूंचे चेहरे शौकिनांपुरते मर्यादित राहिले नाहीत.

तिसरे कारण क्लब संस्कृतीचे. गावोगावच्या क्लबांमध्ये निधी उभारण्यासाठी ‘स्पोर्ट्समन्स नाइट’ होते. जेवण, स्वाक्षरी केलेल्या बॅटींचा लिलाव आणि माजी खेळाडूचे किस्से, असा हा बेत असतो. मेलबर्नमध्ये फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या सकाळी होणारा न्याहारीचा कार्यक्रम १९६७ पासून चालत आला आहे. राजकारणी, उद्योजक आणि खेळाडू तेथे एकाच छताखाली येतात. श्रोत्यांना हसवणे, वेळेत थांबणे, अवघड प्रश्न टोलवणे हे सगळे खेळाडू अशाच ठिकाणी शिकतो. कंपनीचे व्यासपीठ ही पुढची पायरी.

हा व्यवसाय चालतो कसा?

कंपनी थेट खेळाडूला क्वचितच फोन करते. मध्ये वक्त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था असतात. श्रोते कोण, विषय कोणता, खर्च किती, हे ऐकून त्या नावे सुचवतात. भाषणासाठी ठरलेल्या रकमेतून त्यांचे कमिशन जाते. साधारण पाऊण ते एक तासाचे भाषण, त्यानंतर प्रश्नोत्तरे आणि पदकासोबत छायाचित्रे, असे त्याचे स्वरूप असते.

विषयांची मागणी काळानुसार बदलते. पूर्वी ‘जिंकण्याची मानसिकता’ हा हुकमी विषय होता. आता मानसिक आरोग्य, अपयश आणि सर्वसमावेशकता यांवर बोलणाऱ्यांना अधिक बोलावले जाते. डिलन अल्कॉट हे याचे ठळक उदाहरण. व्हीलचेअर टेनिसमध्ये २०२१ या एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम आणि पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकणारा हा खेळाडू रेडिओवर निवेदन करीत होता. २०२२ मध्ये त्याला ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला. अपंग व्यक्तींना टीव्हीवर, नोकरीत आणि निर्णयप्रक्रियेत स्थान मिळावे, हा त्याच्या बोलण्याचा गाभा आहे. व्हीलचेअर शर्यतींचा विजेता कर्ट फर्नली याने २००९ मध्ये पापुआ न्यू गिनीतील ९६ किलोमीटरची कोकोडा वाट हातांवर सरपटत पार केली. पुढे तो ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक वाहिनीवर मुलाखतकार झाला. या दोघांनी व्यासपीठाचा उपयोग स्वतःची गोष्ट सांगण्यापलीकडे केला.

भारताशी, महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

या व्यवसायाची सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ भारत आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ब्रेट लीने २००६ मध्ये आशा भोसले यांच्यासोबत गाणे ध्वनिमुद्रित केले. २०१५ मध्ये तो ‘अनइंडियन’ या चित्रपटाचा नायक झाला. अँड्र्यू सायमंड्स २०११ मध्ये ‘बिग बॉस’च्या घरात दिसला. डेव्हिड वॉर्नर समाजमाध्यमांवर तेलुगू गाण्यांवर नाचता नाचता २०२५ मध्ये ‘रॉबिनहूड’ या तेलुगू चित्रपटात पोहोचला. आयपीएलच्या समालोचनात तर मॅथ्यू हेडनपासून शेन वॉटसनपर्यंत अनेकांनी जम बसवला.

त्याची दुसरी बाजूही मुंबईनेच पाहिली. १९८६ च्या बरोबरीत सुटलेल्या चेन्नई कसोटीत उष्म्याने उलट्या होत असताना २१० धावा करणारे डीन जोन्स भारतीय प्रेक्षकांना ‘प्रोफेसर डीनो’ म्हणून परिचित होते. २०२० मध्ये करोनामुळे आयपीएल अमिरातीत खेळवली गेली, पण स्टुडिओतील चर्चा मुंबईतून होत होती. त्यासाठी आलेल्या जोन्स यांचे २४ सप्टेंबरला मुंबईतील हॉटेलात हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. ते ५९ वर्षांचे होते. त्यांना वाचवण्यासाठी धडपडणाऱ्यांत सहकारी समालोचक ब्रेट ली होता.

उलट दिशेचाही एक धागा आहे. भारतीय संघाच्या १९९१-९२ च्या दौऱ्यात हर्षा भोगले यांनी ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक रेडिओवर समालोचन केले. रसायन अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन शिकलेल्या भोगले यांनी पत्नी अनिता यांच्यासह पुढे खेळातून व्यवस्थापनाचे धडे हा विषय भारतीय कंपन्यांपर्यंत नेला. ‘द विनिंग वे’ हे त्यांचे पुस्तक त्यातूनच आले. ऑस्ट्रेलियात प्रामुख्याने खेळाडूंनी केलेले काम येथे एका समालोचकाने केले.

सर्वांनाच हा मार्ग मिळतो का?

नाही. ८७ कसोटी आणि २४ शतके नावावर असलेले, भारताचे प्रशिक्षक राहिलेले ग्रेग चॅपल यांच्यासाठी २०२३ मध्ये मित्रांना ऑनलाइन निधी उभारावा लागला. मेलबर्नच्या मैदानावर त्यांच्यासाठी भोजन समारंभ झाला. आपण अगदी हलाखीत नाही, पण ऐषारामातही नाही, असे चॅपल यांनी तेव्हा स्पष्ट केले होते. खेळल्यामुळे पुढचे आयुष्य आपोआप सुरक्षित होते, हा समज त्या पिढीपुरता तरी खोटा ठरला.

आजही कमी प्रसिद्धीच्या खेळांतील पदकविजेत्यांना मागणी थोडाच काळ असते. दर चार वर्षांनी नवे ऑलिम्पिकवीर येतात आणि जुने मागे पडतात. प्रसारण हक्क एका वाहिनीकडून दुसरीकडे गेले की समालोचकांचा संचही मोडतो. २०१८ मध्ये चॅनल नाइनने क्रिकेटचे हक्क गमावले, तेव्हा चार दशकांची घडी विस्कटली. शेन वॉर्नसारख्याला लगेच दुसरी वाहिनी मिळाली. प्रत्येकाचे नाव वॉर्नएवढे मोठे नसते.

गोष्ट विकण्याचा ताण किती?

आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग वर्षानुवर्षे मंचावर सांगत राहणे सोपे नसते. पाच ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणारा जलतरणपटू इयन थॉर्प याने २०१२ च्या आत्मचरित्रात नैराश्याबद्दल लिहिले, मात्र आपण समलिंगी असल्याचा त्यात इन्कार केला. दोन वर्षांनी टीव्हीवरील मुलाखतीत त्याने ते मान्य केले. प्रसिद्ध माणूस आपल्याबद्दल जे सांगतो, ते त्या वेळी त्याला सांगता येण्याजोगे असते. तेच पूर्ण सत्य असेल असे नाही.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटू डॅनी फ्रॉली याचे उदाहरण अधिक वेदनादायी आहे. खेळाडू, प्रशिक्षक आणि नंतर टीव्हीवरचा हसरा, सर्वांना हसवणारा निवेदक. स्वतःच्या नैराश्याबद्दल तो मोकळेपणाने बोलत असे, इतरांनीही बोलावे म्हणून प्रयत्न करीत असे. सप्टेंबर २०१९ मध्ये ५६ व्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला. नंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई हा विकार आढळला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडला गेलेला हा आजार मृत्यूनंतरच निश्चितपणे निदान होतो. ज्या खेळाने त्याला व्यासपीठ दिले, त्याच खेळाच्या खुणा त्याच्या मेंदूत होत्या.

श्रोत्यांच्या हाती काय लागते?

एका भाषणाने कंपनीचा कारभार सुधारतो का, हे मोजणे अवघड आहे. सभागृहातील उत्साह सोमवारी सकाळी कार्यालयात किती उरतो, हा प्रश्न आयोजकही विचारतात. म्हणूनच काही कंपन्या एका भाषणाऐवजी काही महिन्यांचे प्रशिक्षण मागतात.

दुसरी मर्यादा गोष्टींच्या निवडीतच आहे. अभियांत्रिकी आणि संख्याशास्त्रात तिला ‘तगून राहिलेल्यांचा पूर्वग्रह’ म्हणतात. तेवढेच कष्ट करून हरलेल्यांना मंचावर बोलावले जात नाही, त्यामुळे कष्ट केले की यश मिळतेच, असे श्रोत्यांना वाटू लागते. ब्रॅडबरीची गोष्ट या बाबतीत उलट अधिक प्रामाणिक आहे. नशिबाचा वाटा तो लपवत नाही. नशीब आले तेव्हा आपण अंतिम फेरीत होतो आणि उभे होतो, एवढाच त्याचा दावा आहे.

त्या शर्यतीत कोसळलेल्यांपैकी अमेरिकेच्या अपोलो ओनोने धडपडत रेषा ओलांडून रौप्यपदक मिळवले. पुढे तो अमेरिकेत टीव्हीवरील नृत्यस्पर्धेचा विजेता ठरला आणि तोही प्रेरणादायी वक्ता झाला. पडलेल्या इतर तिघांपैकी कॅनडाच्या स्केटरला कांस्यपदक मिळाले, तर दक्षिण कोरिया आणि चीनच्या स्केटरना त्या शर्यतीत पदक मिळाले नाही.