विश्लेषण : आयबीएमने सोडलेली ‘ओएस/२’ चाहत्यांनी का सोडली नाही?

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित मोफत सुरक्षा अद्ययावतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. आता नवी प्रणाली घ्यायची की जुनीवरच काम रेटायचे, हा प्रश्न अनेकांपुढे आहे. मात्र आयबीएमच्या ‘ओएस/२’ या संगणक प्रणालीच्या चाहत्यांनी याचे उत्तर तीस वर्षांपूर्वीच देऊन टाकले आहे आणि ते अजून बदललेले नाही.

ही प्रणाली आली कुठून?

गंमत म्हणजे, विंडोजची ही प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टच्याच घरात वाढली. डॉसची जागा घेणारी प्रणाली एकत्र बनवण्याचा करार आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टने १९८५ मध्ये केला. डिसेंबर १९८७ मध्ये पहिली आवृत्ती आली. पण मे १९९० मध्ये बाजारात आलेली विंडोज ३.० अनपेक्षितपणे धडाक्यात खपली, मायक्रोसॉफ्टचे मन तिकडे वळले आणि भागीदारी फिसकटली. एप्रिल १९९२ ची ओएस/२ २.० ही आयबीएमने स्वतःच्या बळावर बाजारात उतरवली.

चाहत्यांना तिच्यात काय दिसले?

त्या काळच्या विंडोजमध्ये एखादा प्रोग्राम अडून बसला, की बाकीचे सगळे त्याच्या मर्जीवर. कारण प्रोसेसरचा ताबा सोडायचा की नाही, हे तो प्रोग्रामच ठरवत असे. ओएस/२ मध्ये हा अधिकार प्रणालीकडे होता. वेळ संपली की प्रोग्रामकडून ताबा काढून घेतला जाई. त्यामुळे एकीकडे फ्लॉपी फॉरमॅट होत असताना दुसरीकडे पत्र टाइप करता येई. आज यात नवल वाटणार नाही. १९९२ मध्ये ती चैन होती. फाइलला आठ अक्षरांत नाव कोंबण्याची डॉसची सक्तीही तिच्या स्वतःच्या फाइल प्रणालीत नव्हती. प्रणालीवर जीव जडलेल्यांनी ‘टीम ओएस/२’ नावाचा स्वयंसेवकांचा गट उभा केला. ही मंडळी पदरमोड करून दुकानांत जात आणि ग्राहकांना प्रणालीची प्रात्यक्षिके दाखवत.

निष्ठा आंधळी मात्र नव्हती. माउस आणि कीबोर्डचे संदेश एकाच रांगेतून जात असल्याने एखाद्या हटवादी प्रोग्राममुळे अख्खा पडदा गोठे. पाठीमागे काम चालू असे, पण समोरच्याला काहीच करता येत नसे. हा दोष चाहत्यांनाही पुरेपूर ठाऊक होता.

चांगली असून हरली कशी?

एक कारण तिच्या गुणातच दडलेले होते. ती डॉस आणि विंडोजचे प्रोग्राम इतके व्यवस्थित चालवी की खास तिच्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लिहिण्याची गरज अनेक कंपन्यांना वाटली नाही. त्यात मेमरी महाग, आणि ओएस/२ ला ती जास्त लागे. पुढे २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आली. आयबीएम स्वतः संगणक विकत असल्याने तिलाही त्यासाठी परवाना हवा होता. तो अनावरणाच्या जेमतेम १५ मिनिटे आधी मिळाला, अशी साक्ष आयबीएमचे अधिकारी गॅरी नॉरिस यांनी १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या मक्तेदारी खटल्यात दिली. ओएस/२ चा पुरस्कार केल्याची ही किंमत होती, असाच निष्कर्ष न्यायालयानेही काढला. तेव्हा सरस प्रणाली आडमुठेपणाने हरवली गेली, ही चाहत्यांची तक्रार निव्वळ हळवेपणा म्हणून झटकता येत नाही. अर्थात आयबीएमची ढिसाळ विक्रीही तितकीच जबाबदार होती.

मग ती संपली का?

घरांतून गेली, यंत्रांतून नाही. अनेक देशांतील बँकांची एटीएम वर्षानुवर्षे ओएस/२ वर चालली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने १९९० च्या दशकात आणलेल्या ‘मेट्रोकार्ड’ यंत्रणेतही तिला जागा मिळाली. आयबीएमचा अधिकृत आधार ३१ डिसेंबर २००६ रोजी संपला, तरी ती तिथे राबतच होती. चालणाऱ्या यंत्रणेला हात लावायचा नाही, हा तिथला व्यवहार. दुरुस्ती करणारी माणसे आणि सुटे भाग दुर्मीळ होत जातात, तेव्हा मात्र तो महागात पडू लागतो.

आज तिला कोण सांभाळते?

प्रणालीचा मूळ कोड खुला करावा, अशी विनंती चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढून आयबीएमला केली. कंपनीने ती मानली नाही. त्यामुळे मार्ग उरला परवाना घेऊन पुढे नेण्याचा. आधी २००१ पासून ‘ईकॉमस्टेशन’ने ते केले. त्यानंतर अर्का नोए या छोट्या अमेरिकी कंपनीने २०१७ मध्ये ‘अर्काओएस’ आणली. २०२३ च्या ५.१ आवृत्तीपासून ती युईएफआय असलेल्या नव्या संगणकांवरही सुरू होऊ शकते. प्रणाली अजून ३२ बिटचीच आहे, आणि आजच्या संकेतस्थळांना पुरा पडेल असा ब्राउझर ही तिची कायमची डोकेदुखी. ती फुकटही नाही. तरी तिला गिऱ्हाईक आहे : काही जुनी यंत्रे चालू ठेवणारे उद्योग, आणि काही १९९२ पासून हटून बसलेले.