शेतमाल वर्गणी

शेतमाल वर्गणी : एखाद्या पिकाचे संशोधन, प्रसार, नवे उपयोग व बाजारपेठ यांसाठी त्या पिकाच्या उत्पादकांकडून विक्रीच्या वेळी, मालाच्या वजनावर वा किंमतीवर, ठराविक दराने गोळा केली जाणारी रक्कम. ही रक्कम त्याच पिकाच्या कामी खर्च करावयाची असते. सर्वसाधारण करापासून तिचे वेगळेपण ते हेच. महाराष्ट्रात या पद्धतीचे ठळक उदाहरण उसाचे आहे. सोयाबीनबाबत ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पूर्णत्वास गेलेली दिसते.

सुधारित वाण, लागवडीची पद्धत किंवा मालाचा नवा उपयोग यांचा लाभ सर्व उत्पादकांना मिळतो. मात्र त्यासाठी एकट्या शेतकऱ्याने खर्च करावा इतका त्याचा वाटा मोठा नसतो. सोयाबीन हे स्वपरागित पीक असल्याने शेतकरी घरचेच बियाणे पुन्हा पेरू शकतो. त्यामुळे संकरित मक्यात बियाणे कंपन्यांना जितका रस असतो, तितका यात नसतो. स्वेच्छेने वर्गणी मागितल्यास ती न देणाऱ्यालाही फळ मिळतेच. म्हणून बहुतेक ठिकाणी ती पहिल्या विक्रीच्या जागी सक्तीने कापून घेतली जाते.

संयुक्त संस्थानांत १९९० च्या कायद्यान्वये १९९१ पासून सोयाबीनच्या पहिल्या विक्रीच्या निव्वळ किंमतीवर अर्धा टक्का वर्गणी घेतली जाते. तिचा निम्मा भाग राज्यातील उत्पादक मंडळाकडे व निम्मा राष्ट्रीय मंडळाकडे जातो. वाणांचे संशोधन, जैव डीझेल व छपाईच्या शाईसारखे औद्योगिक उपयोग, तसेच परदेशी ग्राहकांशी संपर्क यांवर तो खर्च होतो. कायदे व शासकीय धोरण यांवर प्रभाव टाकण्यासाठी हा पैसा वापरण्यास मनाई आहे. सक्तीचा प्रश्न तेथील न्यायालयांतही गेला : अळंबी-उत्पादकांकडून जाहिरातीसाठी घेतलेली सक्तीची वर्गणी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये घटनाबाह्य ठरविली, तर गोमांसाची जाहिरात हे शासनाचेच प्रतिपादन होय, असे मानून २००५ मध्ये ती वर्गणी ग्राह्य धरली.

भारतात ही कल्पना नवी नाही. मुंबई येथे १९२१ मध्ये भारतीय केंद्रीय कापूस समिती स्थापन झाली आणि १९२३ च्या कापूस उपकर कायद्याने तिला उत्पन्नाचे साधन मिळाले. तिने १९२४ मध्ये माटुंग्याला उभारलेली प्रयोगशाळा केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था या नावाने आजही कार्यरत आहे. उपकर गिरण्या व निर्यातदार भरीत, हे खरे. पण त्याचा भार खरेदीच्या भावातून मागे शेतकऱ्यावर येण्याचा संभव असतो. समिती १९६६ मध्ये बरखास्त झाली.

उसाची व्यवस्था सहकारातून घडली. प्रवरा येथील सहकारी साखर कारखान्याने १९५० मध्ये वाट घालून दिल्यानंतर राज्यात कारखाने वाढले व सभासदांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये ‘डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. पुढे वसंतदादा पाटील यांचे नाव दिलेली ही संस्था पुण्याजवळील मांजरी येथे आहे. गाळपाच्या प्रत्येक टनामागे एक रुपया या दराने कारखाने तिला वर्गणी देतात. हेक्टरी ८० टन ऊस काढणाऱ्याचा भार ८० रुपये होतो. राज्यात १० कोटी टन गाळप झाल्यास १० कोटी रुपये जमतात. कारखान्याचा वजनकाटा हे एकच द्वार असल्याने वसुलीचा खर्च जवळजवळ नाही. ऊस-शेती, साखर-तंत्र व मद्यार्क अशा शाखांतून संस्थेत ऊतिसंवर्धित रोपे, माती परीक्षण, जिवाणू खते, कारखान्यांची तांत्रिक तपासणी व प्रशिक्षण ही कामे चालतात. उसाला तुरा येण्यास पोषक अशा आंबोलीच्या (जि. सिंधुदुर्ग) दमट हवेत तिचे पैदास केंद्र आहे. तथापि राज्यात अत्यंत लोकप्रिय झालेला को ८६०३२ हा वाण कोईमतूर व पाडेगाव (जि. सातारा) येथील सरकारी केंद्रांचा आहे, वर्गणीने सरकारी संशोधनाची जागा घेतलेली नाही, त्यात भर घातली आहे.

नव्या उपयोगाचे उदाहरण म्हणजे इथेनॉल. पेट्रोलमध्ये ते मिसळण्याचा पथदर्शी प्रयोग २००१ मध्ये मिरज व मनमाड (तसेच बरेली) येथे झाला. २०२५ मध्ये मिश्रणाचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील वाहन कारखान्यांना इंजिने त्यानुसार बदलावी लागली. याच पट्ट्याच्या कडेला कासारसाई येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. नागरीकरणाने उसाखालची जमीन घटली, की टनामागे मिळणारी वर्गणीही घटते. बाजारपेठ घडविणे मात्र वर्गणीच्या हाती मर्यादितच राहते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठविले. वर्गणीचा भार वाहणारा शेतकरी व संस्था यांच्यामध्ये कारखान्याची पायरी असल्याने पैशाच्या विनियोगावर त्याला थेट मत देता येत नाही. या व्यवस्थेतील हा खरा दोष होय.

द्राक्ष-उत्पादकांनी ऐच्छिक मार्ग धरला. १९६० मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ सभासदांच्या वर्गणीतून चर्चासत्रे, प्रकाशने व संशोधनाचे काम करतो. बागाईतदार थोडे, भांडवल मोठे आणि चुकीची किंमत जबर, म्हणून येथे सक्तीवाचून भागते.

सोयाबीनमध्ये महाराष्ट्र मध्य प्रदेशासह देशात अग्रेसर असूनही येथे अशी वर्गणी नाही. जबलपूरचा जेएस ३३५, परभणीचा एमएयूएस ७१, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे एमएसीएस वाण ही सर्व सार्वजनिक पैशाची निष्पत्ती आहे. बाजार समितीचे शुल्क आवाराच्या सोयींसाठी असते, संशोधनासाठी नव्हे. अर्धा टक्का दर लावला, तर २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावावर क्विंटलमागे सु. २४ रुपये होतात. त्या हंगामात लातूरसारख्या बाजारातही भाव हमीभावाखाली होते. अशा वेळी आणखी कपात शेतकरी कशी मानील, हा प्रश्न आहेच. शिवाय माल गावचा व्यापारी, अडत्या, तेलगिरणी, शेतकरी उत्पादक कंपनी अशा अनेक वाटांनी जातो. उसाला जसा एकच काटा आहे, तसा येथे नाही.