बॅटरी बदलताय? आधी जुनीला विचारा!

देवरूखातला पाऊस आणि लाईट जाणे यांचं नातं नव्याने सांगायला नको. शेजारच्या चिपळूण तालुक्यात पोफळीला कोयनेची वीज तयार होते आणि इथे आपण मेणबत्ती शोधत बसतो! यात कोयनेचा काही दोष नाही. आपल्याकडे तारा डोंगरातून, झाडांमधून येतात. एक फांदी पडली की फीडर बंद. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. मे २०२१ मध्ये तौक्तेनेही किनारपट्टीला तसाच हिसका दाखवला.

अशा वेळी आपली भिस्त असते ती एका काळ्या-करड्या ठोकळ्यावर, म्हणजे सीलबंद लेड-अॅसिड बॅटरीवर. कॉरिडॉरमधला इमर्जन्सी दिवा, ऑफिसच्या कॉम्प्युटरचा यूपीएस, फायर अलार्मचं पॅनेल, मेसमधला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, फायनल इयरच्या प्रोजेक्टमधली गाडी, सगळीकडे हीच. आणि ती संपली की आपण काय करतो? दुकानात जाऊन "काका, बारा व्होल्ट सात एएच द्या" म्हणतो, आणतो, बसवतो. वर्षभरात तीही मरते. मग आपण कंपनीला शिव्या देतो.

माझं म्हणणं असं की नवी आणण्याआधी जुनी का गेली हे बघायला हवं. नाहीतर तोच रोग नवीलाही लागतो. पावसाळ्याच्या रात्री जिन्यातला दिवा लागला नाही आणि पायरीवर फुरसं बसलेलं असलं, तर हा विषय नुसता परीक्षेपुरता राहत नाही.

सीलबंद म्हणजे काय?

फ्रान्सच्या गास्टाँ प्लांते यांनी १८५९ साली लेड-अॅसिड बॅटरी बनवली. शिशाच्या पट्ट्या आणि सल्फ्युरिक अॅसिड, मूळ रसायन आजही तेच. इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीत हे अॅसिड पातळ असतं आणि तिला अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर पाजावं लागतं. आपल्या छोट्या बॅटरीत अॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषून ठेवलेलं असतं. या प्रकाराला एजीएम म्हणतात. जेल प्रकारात तेच अॅसिड जेलीसारखं घट्ट केलेलं असतं.

चार्जिंगच्या वेळी निघणारा ऑक्सिजन आतल्या आत पुन्हा पाण्यात रूपांतरित होतो, म्हणून पाणी घालावं लागत नाही. पण "सीलबंद" या शब्दाला फसू नका. वर रबरी व्हॉल्व्ह असतात. चार्जिंग जास्त झालं की दाब वाढतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि हायड्रोजन बाहेर पडतो. गेलेलं पाणी परत भरता येत नाही. म्हणून ही बॅटरी हवाबंद डब्यात कोंडू नये आणि उलटी ठेवून चार्ज करू नये.

आधी पोस्टमॉर्टेम

मेलेली बॅटरी बाहेर काढून नीट बघा. बहुतेक वेळा चारपैकी एक कारण निघतं.

एक, उपासमार. बॅटरी पूर्ण उतरू दिली आणि तशीच पडून राहिली. प्लेटवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि ते चार्जिंगनेही विरघळत नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत बंद खोलीत पडलेल्या इमर्जन्सी दिव्याचं हेच होतं.

दोन, अतिभोजन. बॅटरी फुगली असेल, बाजू बाहेर आल्या असतील, तर आधी संशय चार्जरवर घ्या. स्वस्त इमर्जन्सी दिव्यांत अनेकदा ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि रेझिस्टर एवढाच चार्जर असतो. व्होल्टेजवर लगाम नाही. महिनाभर प्लगला लावून ठेवला की पाणी उडून जातं.

तीन, उष्णता. या बॅटरीचं आयुष्य २५ अंश सेल्सियसला मोजतात. त्यावर दर १० अंशांमागे आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात यूपीएसच्या बंद डब्यात ३५ च्या वर तापमान सहज जातं. यूपीएस भिंतीला चिकटवून वर जर्नल्सचा ढीग ठेवला तर विचारूच नका.

चार, म्हातारपण. सतत चार्जवर असलेली साधी बॅटरी तीन ते पाच वर्षं चालली की तिने आपलं काम केलं. इथे तक्रारीला जागा नाही.

मेली की नुसती भुकेली आहे, हे कसं ओळखायचं? पूर्ण चार्ज करा, काढून काही तास स्वस्थ ठेवा, मग मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.८ च्या आसपास आलं तर ती भरलेली आहे, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. पण नुसत्या व्होल्टेजवर जाऊ नका, लोड लावल्याशिवाय खरं कळत नाही. गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून १२ व्होल्ट २१ वॉटचा ब्रेक लाईटचा बल्ब आणा. तो साधारण पावणेदोन अँपिअर घेतो. चांगली ७ एएच बॅटरी १०.५ व्होल्टपर्यंत उतरायला तीन तासांहून थोडी अधिक घेईल. दीड तासातच उतरली तर क्षमता निम्मी राहिली, असं समजा. १०.५ ला बल्ब काढा आणि लगेच चार्जिंगला लावा. बल्ब चांगलाच तापतो, गादीवर ठेवू नका!

एएचचं गौडबंगाल

आता नवीकडे वळू. बॅटरीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं १२ व्ही, ७ एएच. पुष्कळ जण याचा अर्थ "सात अँपिअर एक तास" असा घेतात. तसं होत नाही. छोट्या अक्षरात "२० एचआर" लिहिलेलं असतं. म्हणजे ०.३५ अँपिअरने २० तास काढली तर ७ एएच मिळतील. जितक्या जोरात करंट ओढाल, तितकी एकूण क्षमता कमी मिळते. जर्मनीच्या पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये हे सूत्रात मांडलं.

दोन उदाहरणं घेऊ. हॉस्टेलचा वाय-फाय राउटर समजा ८ वॉट घेतो. १२ व्होल्टवर हे ०.६७ अँपिअर झाले. या चालीला बॅटरी साधारण साडेसहा एएच देते, म्हणजे नऊएक तास. मधल्या कन्व्हर्टरचा तोटा धरला तरी आठ तास मिळावेत. (राउटर बॅटरीला थेट जोडू नका. चार्जिंगच्या वेळी बॅटरीवर १३.८ व्होल्ट असतात, उतरल्यावर १०.५. मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर हवाच.)

आता तीच बॅटरी यूपीएसमध्ये. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून १२० वॉट धरू. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीतून १५० वॉट, म्हणजे साडेबारा अँपिअर निघतात. या वेगाने बॅटरी टिकते जेमतेम पंधरा मिनिटं. हिशेब करा, हाती आले तीनच एएच. बॅटरी तीच, लेबल तेच!

म्हणून यूपीएससाठी "हाय रेट" प्रकारची बॅटरी बघावी. काहींच्या नावातच वॉटचा आकडा असतो. उदाहरणार्थ ३४ वॉट म्हणजे दर सेलला ३४ वॉट, १५ मिनिटं. १२ व्होल्टमध्ये सहा सेल, म्हणजे एकूण २०४ वॉट. राउटर, अलार्म पॅनेल अशा कामाला साधी चालते, तिथे जास्त पैसे घालवायची गरज नाही.

प्रोजेक्टवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. रोज पूर्ण उतरवली तर साधी बॅटरी दोनशे-अडीचशे फेऱ्यांत थकते. निम्मीच उतरवली तर साधारण दुप्पट फेऱ्या मिळतात. म्हणून गाडीच्या प्रोजेक्टला हिशेबाने लागते त्यापेक्षा मोठी बॅटरी घ्या.

चार्जरशी पटलं पाहिजे

लेबलवर दोन व्होल्टेज दिलेली असतात. "स्टँडबाय" म्हणजे सतत जोडून ठेवायची असेल तर १३.५ ते १३.८. "सायक्लिक" म्हणजे रोज वापरून चार्ज करायची असेल तर १४.४ ते १५. आपला चार्जर किती देतो ते मोजा. १४.५ देणारा चार्जर महिनोन्महिने जोडून ठेवला तर बॅटरी सुकणारच. उष्ण जागी व्होल्टेज आणखी थोडं कमी हवं, २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण ०.२ व्होल्ट. जेल बॅटरीच्या मर्यादा याहून वेगळ्या असू शकतात, तिचं लेबल वाचा. लेबलवरचा "इनिशियल करंट" हा कमाल आकडा आहे, ७ एएचला बहुधा २.१ अँपिअर.

हॉस्टेलमध्ये एक जुनी आयडिया दर वर्षी नव्याने निघते. छोट्या यूपीएसला बाहेरून गाडीची बॅटरी जोडायची आणि रात्रभर पीसी चालवायचा. कृपा करून हे करू नका. त्या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर आणि मॉस्फेट दहा-पंधरा मिनिटं चालायला बनवलेले असतात, तासभर चालवले की तापतात. चार्जरही एखाद्या अँपिअरचा, मोठी बॅटरी भरायला दिवस जातात आणि ती कायम उपाशी राहते. शिवाय पातळ अॅसिडची बॅटरी बंद खोलीत पलंगाखाली ठेवणं हे हायड्रोजनला आमंत्रण आहे.

दुकानात काय बघायचं?

जुनी बॅटरी सोबत न्या, मल्टिमीटरही न्या. मी तर दुकानदार हसला तरी नेतो.

माप: ७ एएचची बॅटरी बहुधा १५१ बाय ६५ मिमी, उंची ९४ मिमी असते. ९ एएचही त्याच मापात मिळते. वजनकाटा आणि इमर्जन्सी दिव्याची बॅटरी बहुधा ६ किंवा ४ व्होल्टची असते, १२ ची बसवायला जाऊ नका.

टर्मिनल: चपट्या पट्टीची रुंदी ४.८ किंवा ६.३ मिमी. यूपीएसला बहुधा रुंद लागते. अरुंद पट्टीवर रुंद क्लिप ढिली बसते आणि जास्त करंटला तापते.

तारीख: दुकानाच्या कपाटात बॅटरी महिन्याला साधारण ३ टक्के उतरते. अंगावरचा उत्पादनाचा महिना बघा, कोड कळला नाही तर विचारा. सहा महिन्यांपेक्षा जुनी आणि मध्ये चार्ज न केलेली नको. मीटर लावा. १२.६ च्या वर असेल तर ठीक, १२.४ च्या खाली असेल तर "भाऊ, दुसरी दाखवा."

वजन: ७ एएचची बॅटरी दोन किलोच्या वर भरते. फारच हलकी लागली तर आत शिसं कमी आहे. बिल आणि वॉरंटी कार्डावर शिक्का घ्यायला विसरू नका. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड स्वस्त पडतो खरा, पण वॉरंटीसाठी दोन किलोचा ठोकळा घेऊन परत तिथे कोण जाणार? दहा-वीस टक्के जास्त देऊन जवळच्या दुकानात घेणं मला परवडतं.

जोडी: यूपीएसमध्ये दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील तर दोन्ही एकदम, एकाच प्रकारच्या आणि एकाच बॅचच्या बदला. एक नवी एक जुनी ठेवली तर जुनी आधी भरते आणि जास्त चार्ज होते, उतरतानाही आधी तीच कोसळते.

बसवताना यूपीएस बंद करून प्लग काढा, अंगठी-कडं उतरवा. टर्मिनलवर पाना आडवा पडला तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं.

मग लिथियम का नको?

राउटरसाठी आता लिथियमचे तयार मिनी यूपीएस मिळतात, ते सोयीचे आहेत. पण यूपीएसमध्ये लेड-अॅसिडच्या जागी त्याच मापाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी टाकताना तिच्यातल्या संरक्षक सर्किटची करंट मर्यादा बघा. ती १० अँपिअरची असेल आणि यूपीएस साडेबारा मागत असेल, तर लाईट जाताच बॅटरी स्वतःच बंद पडेल. चार्जरचं व्होल्टेजही तिला जुळतं का, ते बघावं लागतं.

जुनीचं काय करायचं?

भंगारात देऊन वडापावचे पैसे सुटतात, हे मलाही ठाऊक आहे. पण बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं. ते उघड्यावर वितळवलं की धूर आणि अॅसिड आसपासच्या मातीत, विहिरीत जातं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या साधारण दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात धोक्याच्या पातळीइतकं शिसं आहे, आणि बॅटऱ्यांची अशी गावठी तोडफोड हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि तो भरून येत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि ती इतर कचऱ्यात न टाकता गोळा करणाऱ्याकडे देण्याची आपल्यावर. टर्मिनलना चिकटपट्टी लावा आणि नवी घेताना जुनी दुकानातच द्या. बायबॅकचे पैसे बिलातून वजा करून मागा, तो व्यवहार सरळ आहे.

शेवटी एक छोटं काम. नवी बॅटरी बसवली की तिच्या अंगावर मार्करने महिना आणि वर्ष लिहा. कॉरिडॉरच्या दिव्यांचा प्लग महिन्यातून एकदा काढून किती वेळ चालतात ते वहीत नोंदवा. रेक्टर सरांची परवानगी घेऊन प्रत्येक मजल्यावर दोघांनी हे वाटून घेतलं तर महिन्याला अर्धा तास पुरतो. आणि हे काम जून लागायच्या आधी सुरू करा.