मोठ्या फीचे कार्ड परवडते का? हिशेब मांडून पाहू

सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यातील कारखान्यांत आपली पोरे कामाला लागली, पगार बँकेत जमा होऊ लागला, की थोड्याच दिवसांत फोन सुरू होतात. "सर, आपल्यासाठी खास प्रीमियम क्रेडिट कार्ड मंजूर झाले आहे." ज्या पोराला सुपरवायझर कधी नावाने नीट हाक मारत नाही, त्याला कोणी 'सर' म्हटले की बरे वाटणारच. त्यात कार्ड काळेभोर, वर सोनेरी अक्षरे. तळेगाव ढमढेऱ्यातील आपल्या वस्तीतही असे फोन येतात आणि संध्याकाळी "काका, घेऊ का?" म्हणून पोरे आमच्याकडे येतात. आम्ही कारकून माणसे. हो किंवा नको म्हणण्याआधी कागद-पेन्सिल काढतो. तोच हिशेब बंधू-भगिनींनी घरी बसून आपापल्या आकड्यांनी करावा, म्हणून येथे मांडत आहोत.

समजा, कार्डाची वर्षाची फी ५,००० रुपये सांगितली. तिच्यावर १८ टक्के जी.एस.टी. लागतो, हे फोनवर बहुधा कोणी बोलत नाही. म्हणजे खिशातून जाणार ५,९०० रुपये. आता मिळणार काय? समजा, १०० रुपयांच्या खरेदीवर २ पॉइंट आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे. म्हणजे शंभरामागे ५० पैसे. ५,९०० रुपये नुसते वसूल व्हायचे, तर वर्षाला ११ लाख ८० हजारांची खरेदी कार्डावर झाली पाहिजे. शंभरामागे पूर्ण रुपया मिळतो असे धरले, तरी ५ लाख ९० हजार, म्हणजे महिन्याला ४९ हजारांच्या वर!

आपल्या घरात किराणा, गॅस, वीज, मोबाइल, कपडे, औषधपाणी मिळून कार्डावर टाकता येईल असा खर्च महिन्याला १२,००० धरू. वर्षाचे झाले १,४४,०००. त्यावर पहिल्या हिशेबाने ७२० रुपये आणि दुसऱ्या हिशेबाने १,४४० रुपये परत मिळतील. ५,९०० देऊन १,४४० घेणे, याला आमच्या ऑफिसात तोटा म्हणतात. शिवाय पेट्रोल, घरभाडे, हप्त्यावरची खरेदी यांवर बऱ्याच कार्डांत पॉइंट मिळतच नाहीत. पॉइंटची किंमतही एक नसते. विमानाच्या तिकिटाला वापरले तर जास्त, रोख मागितली तर कमी. जाहिरातीत अर्थातच मोठा आकडा छापतात.

"पण काका, सुरुवातीलाच ५,००० चे व्हाउचर देतात, म्हणजे फी फिटली की!" हा युक्तिवाद आम्ही अनेकदा ऐकला. व्हाउचर कोणत्या दुकानाचे आहे ते आधी पाहावे. त्या दुकानातून आपण एरवी ५,००० चा माल घेणारच होतो काय? घेणार असू, तर त्याची किंमत ५,०००. आठवडे बाजारात भागणारी वस्तू केवळ व्हाउचर आहे म्हणून तिप्पट भावाने घेतली, तर त्याची किंमत बाजारातल्या भावाइतकीच. आणि दुसऱ्या वर्षी बहुधा व्हाउचर नसते, फी मात्र असते.

विमानतळावरील फुकट लाउंजचेही तसेच. आपण नागपूरला जातो, ६ डिसेंबरला दादरला जातो, ते रेल्वेने नाहीतर एस.टी.ने. लोहगावच्या विमानतळात पाऊल न टाकणाऱ्या माणसाला त्या लाउंजमधील चहा-नाश्त्याची किंमत शून्य लिहावी.

फी माफीचे आमिष तर फारच गोड. "वर्षात ४ लाख खर्च केलेत तर पुढची फी माफ." १,४४,००० खर्चणाऱ्या घराने ५,९०० वाचविण्यासाठी आणखी २,५६,००० ची खरेदी करावयाची!

मग असे कार्ड कोणालाच परवडत नाही काय? तसे नाही. कंपनीच्या कामासाठी महिन्यातून दोनदा विमानाने जाणारा, परदेशात खरेदी करणारा, वर्षाला सात-आठ लाख कार्डावर खर्चून दर महिन्याला पूर्ण बिल चुकते करणारा आपला एखादा इंजिनिअर मुलगा असेल, त्याला हे कार्ड फायद्याचे ठरू शकते. त्याने खुशाल घ्यावे. बाकीच्यांना कार्ड हवेच असेल, तर विनाफीचे मागावे. बिल पूर्ण भरण्याची शिस्त असेल, तर तेवढे ७२० रुपये फुकटात मिळतात.

खरा धोका फीपेक्षा व्याजाचा. बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून एक छोटा आकडा असतो. तेवढाच भरला, तर विलंबशुल्क टळते, व्याज टळत नाही. दरमहा साडेतीन टक्के हा क्रेडिट कार्डावरचा नेहमीचा दर. आपल्या भाषेत शेकडा साडेतीन रुपये महिना, वर्षाला ४२ टक्के! २०,००० ची बाकी राहिली तर महिन्याचे व्याज ७००, त्यावर जी.एस.टी. १२६, एकूण ८२६. वर्षभर जमविलेले ७२० रुपयांचे पॉइंट एका महिन्यात गेले. बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डाने ए.टी.एम.मधून रोख काढली, तर व्याज पहिल्या दिवसापासून, वर वेगळे शुल्क. बचत गटात शेकडा दोनने घेताना आपल्या भगिनी चार वेळा विचार करतात. मग येथे का करू नये?

आपल्या शिरूर तालुक्याला कर्जाच्या कागदाचा इतिहास नवा नाही. याच तालुक्यातील कर्डे गावाने १८७४ च्या अखेरीस सावकारावर बहिष्कार टाकला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याला दंगा झाला आणि तो पुणे, अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. लोकांनी सावकारांचे रोखे आणि खातेवह्या जाळल्या. त्या काळी कुणब्याला रोख्यावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. आज आपली मुले शिकली आहेत, तरी कार्डाच्या अटी न वाचता ओटीपी सांगून मोकळी होतात.

वाचण्याची सोयही आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार अर्जासोबत व्याजदर व शुल्क सांगणारे एक पानी माहितीपत्रक देणे बँकेवर बंधनकारक आहे. अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत असाव्यात, असेही त्यात म्हटले आहे. मराठीत मागावे, लाजू नये. न मागता कार्ड पाठविण्यास बँकेला मनाई आहे. संमतीवाचून कार्ड सुरू करून बिल लावले, तर ते रद्द करून त्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. कार्ड आले आणि ३० दिवसांत सुरू केले नाही, तर बँकेने ओटीपीद्वारे संमती विचारावी लागते. ती दिली नाही, तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड विनाशुल्क बंद करावे लागते. म्हणून त्या ओटीपीला जपावे.

ज्यांनी आधीच घेतले आहे, त्यांनी पुढच्या वर्षाची फी लागण्याच्या महिनाभर आधी वरचा हिशेब करावा. परवडत नसेल तर प्रथम जमलेले पॉइंट वापरून टाकावेत, बाकी पूर्ण भरावी आणि कार्ड बंद करण्याची विनंती लेखी किंवा ई-मेलने करून तिची प्रत ठेवावी. बाकी नसेल, तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झाले पाहिजे. पुढे उशीर झाल्यास दर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यावयाचा आहे. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. अर्ज लिहिण्यास अडचण वाटल्यास रविवारी सकाळी कागदपत्रे घेऊन आमच्याकडे यावे. बिले मात्र सगळी आणावीत, पाकिटासकट.