रणांगणांतून धनुष्य कां गेलें?

मालवणच्या किनाऱ्यासमोर, कुरटे बेटावर, २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. सुमारें दोन मैल लांबीचा, तीस फूट उंचीचा आणि बारा फूट रुंदीचा त्याचा तट आजहि समुद्राच्या लाटा झेलीत उभा आहे. नुसते बाण अडवावयाचे असते तर भिंतीला इतकी जाडी कशाला लागती? तोफेचा गोळा सोसण्याच्या हेतूनेंच हें बांधकाम झालें. यावरून धनुष्याचें राज्य त्या काळीं समूळ संपलें होतें, असें अनुमान कोणीहि सहज काढील. परंतु इतिहास इतका सरळ नाहीं. धनुष्य गेलें तें हळूहळू, आणि ज्या कारणानें गेलें असें सामान्यतः मानलें जातें, त्याहून निराळ्या कारणानें गेलें.

बंदूक ही धनुष्यापेक्षां त्वरित आणि अचूक, म्हणून ती जिंकली, हा समज रूढ आहे. पहिल्या बंदुकांना मात्र तो लागू पडत नाहीं. तोड्याची बंदूक म्हटली कीं नळींत दारू ओतावी, गोळी ठासावी, कान्यांत रंजक घालावी, पेटता तोडा सांभाळावा आणि मग बार उडवावा. एवढा खटाटोप उरकेपर्यंत कसलेला तिरंदाज पांच-सहा बाण सहज सोडी. पावसाच्या सरीनें तोडा विझे, दारू सर्दे. धनुष्यहि पावसाला भीत असे, हें खरें. लांकूड, शिंग आणि स्नायु सरसानें जोडून केलेली उंची कमान दमट हवेंत ढिली पडे. कोंकणासारख्या प्रांतांत तर दोन्ही हत्यारांना पावसाळा सारखाच वैरी होता.

मग पारडें फिरलें कशानें? याचें उत्तर हत्यारापेक्षां तें धरणाऱ्या माणसांत शोधावें लागतें. इंग्लंडचें 'मेरी रोझ' नांवाचें लढाऊ जहाज १५४५ सालीं बुडालें आणि त्याचा सांगाडा १९८२ मध्यें समुद्रांतून वर काढण्यांत आला. त्याच्या अवशेषांत शंभराहून अधिक अखंड धनुष्यें सांपडलीं. तीं ओढण्यास शंभर रत्तलांहून अधिक जोर लागत असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. असा जोर एका हंगामांत येत नाहीं. लहानपणीं हातीं धनुष्य द्यावें, वयाबरोबर तें जड करीत जावें, तेव्हां कोठें तरुणपणीं एक तिरंदाज तयार होतो. उलट, शेतांतून काल आलेल्या माणसाला बंदूक भरण्यास आणि झाडण्यास कांहीं आठवड्यांत शिकवितां येतें. लढाईंत शंभर तिरंदाज पडले तर ती हानि भरून येण्यास एक पिढी जावी लागे. शंभर बरकंदाज मात्र पुढील मोहिमेपूर्वीं पुन्हा उभे करतां येत. त्यांतून बंदुकीची गोळी चिलखत भेदी. इंग्लंडच्या राजमंडळानें १५९५ सालीं आपल्या नागरी पलटणींतून धनुष्याची गणना बंद केली, ती याच सुमाराच्या विचारांतून.

आपल्या किनाऱ्यावरहि तेंच घडलें. १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें आणि दक्षिण कोंकणच्या शेजारीं बंदुका-तोफांचा एक कायमचा कारखानाच येऊन बसला. शिवाजी महाराजांच्या पायदळांत दक्षिण कोंकणांतले हेटकरी नेमबाजीबद्दल नांवाजलेले होते. १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ लिहितो कीं, या हेटकऱ्यांजवळ चकमकीच्या चापाची एक प्रकारची बंदूक असे, आणि ही युक्ति युरोपियनांकडून त्यांच्याकडे लवकरच आलेली दिसते. परंतु त्याच ठिकाणीं तो आणखी एक गोष्ट नमूद करतो : दर दहा असामींत एकाजवळ बंदुकीऐवजीं तीरकमान असे. रात्रीच्या छाप्यांत, जेथें बार उडविण्यास मनाई असे, तेथें तिचा उपयोग होई. १६७० मध्यें तानाजीचे मावळे सिंहगडाचा कडा चढून जात असतां चाहूल घेण्यास आलेला पहारेकरी बाणानेंच निःशब्दपणें पडला, असें त्याच ग्रंथांत वर्णन आहे. बंदुकीला जें कधींच साधलें नाहीं, तें मौन हाच धनुष्याचा शेवटचा गुण ठरला.

या बदलाची किंमत मात्र मोठी होती. तिरंदाजाचा भाता गांवच्या बांबूनें आणि लोहाराच्या भात्यानें भरून निघे. बरकंदाजाला सोरा, गंधक आणि शिसें लागे, म्हणजे सरकारी दारूखाना लागे. आणि दारूखान्यामागें भरलेला खजिना लागे. चांगल्या तोफा ज्याच्या हातीं, त्याची मर्जी सांभाळणें प्राप्त झालें. १६६० सालीं पन्हाळ्याच्या वेढ्यांत राजापुरच्या इंग्रज वखारवाल्यांनीं सिद्दी जौहरास तोफेची मदत केली. पुढच्या वर्षीं महाराजांनीं राजापुर लुटून त्या वखारवाल्यांस कैद केलें. सिंधुदुर्गाची जाड भिंत याच अनुभवानंतर उभी राहिली. तथापि १७६५ सालीं मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांनीं आरमारासह येऊन तोहि किल्ला घेतला आणि त्यास 'फोर्ट ऑगस्टस' हें नांव दिलें. पुढील वर्षीं तह होऊन तो करवीरकरांस परत मिळाला. परंतु १८१२ च्या तहानें कायमचा गेला. तोफांच्या युद्धांत केवळ शौर्य पुरेसें पडेनासें झालें होतें.

जेथें दारूखाना पोंचला नाहीं, तेथें धनुष्य टिकलें. खानदेशच्या डोंगरांत भिल्लांच्या हातीं तें एकोणिसाव्या शतकांतहि होतें, कारण बांबू रानांत मिळे आणि दारू विकत घ्यावी लागे. इतरत्र तें भाषेंत उरलें. तीर, कमान, तिरंदाज हे फारसी शब्द, तोफ हा तुर्की, काडतूस हा पोर्तुगीज. हत्यारें जशीं येत गेलीं, तशी आपल्या बोलींत त्यांची रांग लागली. आज दरवाजाच्या कमानीखालून जातांना किंवा घड्याळाची कमान तुटली म्हणतांना एका हत्याराचें नांव आपण घेतों, हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.