चिपाडाचा ताळेबंद

साखर कारखान्याच्या आवारात गळिताच्या हंगामात रचलेला बगॅसचा डोंगर दाखवून, रस पिळून निघाला तरी या चिपाडात अद्याप साखर आहे, असे कोणी म्हटले, तर ऐकणारा प्रथम अविश्वासाने हसतो, आणि ते खरे असल्याची खात्री पटताच, मग ती काढून घेण्यास हरकत कोणती, असे तितक्याच तत्परतेने विचारतो. अविश्वास आणि अतिविश्वास या दोन गावांच्या शिवेवरच या विषयातील बहुतेक गैरसमजांची वसती आहे.

अविश्वासाचे निराकरण सोपे आहे. वाळलेल्या बगॅसमध्ये स्थूलमानाने ४० टक्के सेल्युलोज, त्याच्या खालोखाल हेमिसेल्युलोज आणि सुमारे एक पंचमांश लिग्निन असते. यांपैकी सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंचीच साखळी असून, तिची प्रत्येक कडी सुटताना पाण्याचा एक रेणू तीत सामावत असल्यामुळे, १०० किलो सेल्युलोजपासून हिशेबाने १११ किलो ग्लुकोज मिळावयास पाहिजे. (चहात घालावयाची साखर मात्र ही नव्हे, हाती येतो तो ग्लुकोज आणि झायलोज यांचा गढूळ तपकिरी द्राव.) ही विद्या नवी आहे, हाही भ्रमच, आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली सल्फ्युरिक आम्लाच्या योगे लिननच्या चिंध्यांपासून साखर करून दाखविली होती. आजची रीत अधिक सौम्य आहे एवढेच : आधी उष्णता आणि रसायने यांनी काष्ठमय पदार्थाची वीण सैल करावयाची, ही पूर्वप्रक्रिया, आणि मग ५० अंश सेल्सिअसच्या सुमारास विकरांकडून, म्हणजे एन्झाइमांकडून, त्या साखळ्या तोडून घ्यावयाच्या.

अतिविश्वासाचा मामला अधिक गुंतागुंतीचा आहे. आम्ल आणि उष्णता जितकी जास्त तितकी साखर जास्त, ही समजूत त्यात अग्रभागी आहे. वस्तुतः आम्लाच्या सौम्य द्रावात, १५० अंशांच्या वर, हेमिसेल्युलोज प्रथम विरघळून झायलोज मोकळी होते. पण मुदत टळूनही ती त्याच कढईत राहिली, तर तिचेच फरफ्यूरल बनते, ग्लुकोजचीही तशीच गत होते, आणि हे पदार्थ पुढे साखरेचे इथेनॉल करताना, किण्वनाच्या वेळी, यीस्टला बाधतात, म्हणजे साखर गेली ती गेलीच, वर उरलेल्या साखरेच्या वाटेत काटे पेरून गेली. ओव्हरेंड आणि शोर्ने यांनी १९८७ साली तापमान व वेळ यांची सांगड घालणारे जे सूत्र प्रसिद्ध केले, त्यानुसार तापमान १० अंशांनी वाढविणे हे वेळ जवळजवळ दुप्पट करण्यासारखे आहे. त्यामुळे एकेक घटक सुटा घेऊन त्याची सर्वोत्तम किंमत ठरवावयाची आणि अखेरीस सगळ्यांची मोट बांधावयाची, ही प्रयोगशाळांतून अजून आढळणारी रीत मला मुळातच सदोष वाटते, कारण १० मिनिटांना जे तापमान उत्तम, ते ३० मिनिटांना घातक ठरू शकते. अनेक घटक एकदम बदलून इष्टतम बिंदूकडे जाण्याची संख्याशास्त्रीय पद्धत बॉक्स आणि विल्सन यांनी १९५१ सालीच मांडली आहे.

लिग्निन संपूर्ण काढल्याशिवाय विकरांचा प्रवेश नाही, हेही अर्धसत्य होय. अल्कलीने ते बरेचसे निघते हे खरे. परंतु सौम्य आम्लाच्या प्रक्रियेत ते बहुतांशी जागीच राहते, आणि तरीही हेमिसेल्युलोज निघून गेल्याने पडलेल्या छिद्रांतून विकर आत शिरतात. ही छिद्रे नाजूक असतात. पूर्वप्रक्रिया झालेला लगदा सोयीसाठी खडखडीत वाळवून ठेवणारा गृहस्थ ती आपल्या हातांनी मिटवून टाकतो.

आता विकर. पॅसिफिकमधील सॉलोमन बेटांवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याचे सुती सामान कुजविणारी एक बुरशी सापडली. तिचा नेटिक येथील लष्करी प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी कसून अभ्यास केला, आणि १९७७ साली तिला ट्रायकोडर्मा रीसाय हे नाव मिळाले. सैन्याच्या या वैऱ्यालाच पुढे कारखान्यांनी चाकरीस ठेवले! पण चाकर वाढविले म्हणजे काम वाढते, असे येथे होत नाही. एक विकर साखळी मधेच छेदतो, दुसरा तिच्या टोकापासून दोन-दोन कड्यांचे सेलोबायोज काढतो, तिसरा त्या जोड्या फोडतो. आणि तिसरा अपुरा पडला, तर साठलेले सेलोबायोज दुसऱ्याचेच हात बांधते. शिवाय काही विकर लिग्निनला चिकटून फुकट जातात. म्हणून पूर्वप्रक्रियेची रुजुवात भांड्यातून काय विरघळले यावर न करता, अखेरीस किती विकर खर्चून किती साखर वसूल झाली यावर केली पाहिजे.

राहिला ‘फुकटचा कचरा’ हा समज. ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेला पानिपतचा इथेनॉल प्रकल्प, ज्याचे तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचे आहे, वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताचा पेंढा घेण्याच्या हिशेबाने उभारला आहे. इतका हलका आणि फुगीर माल शेतोशेत गोळा करावयाचा, बांधावयाचा, वाहावयाचा आणि वर्षभर कोरडा राखावयाचा, यात फुकट ते काय? आपल्याकडील बगॅसवर तर बॉयलरचा हक्क आधीपासूनच आहे. त्याच्या वाफेवर कारखाना चालतो आणि उरलेली वीज विकली जाते. साखर काढून घेतल्यावर जे लिग्निन शिल्लक राहते, तेही बहुधा त्याच बॉयलरच्या तोंडी दिले जाते, आणि त्याची वाफ पुढच्या घाण्याच्या पूर्वप्रक्रियेस लागते.